काट्याची खोट ओळख

भाचेराव, तुझ्या मारुती ८०० मध्ये झेनचं इंजिन बसलं, गाडी पळायला लागली, डॅशबोर्डावर बाजारातून आणलेला मोठा गोल आरपीएम मीटरही चढला. आता तुझी तक्रार अशी की काटा खरं बोलत नाही. गाडी निवांत चाललेली असते आणि मीटर मात्र इंजिन बोंबलतंय असं सांगतो. दोस्तमंडळी म्हणतात, टाकून दे, नवा घे. मी म्हणतो, थांब जरा. उद्यमनगरात वायरिंग करता करता केस पांढरे झाले, त्यातून एक गोष्ट कळली ती आधी कानात घे: काटा चुकतो म्हणून काही बिघडत नाही, रोज वेगवेगळा चुकला तर बिघडतं. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढं असलं तरी कुणाची एसटी चुकत नाही, कारण ती दहा मिनिटं घरात सगळ्यांना ठाऊक असतात. ठरलेलं खोटं बोलणारा मीटर वापरता येतो आणि बहुतेक वेळा सुधारताही येतो. लहरी मीटर मात्र इंजिनाचा घात करतो. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी त्याची खोट ओळखायला शीक.

आधी मोज, मग हात लाव

एक वही घे. डाव्या रकान्यात खरे फेरे, उजव्या रकान्यात काट्याचे फेरे. खरे फेरे कसे काढायचे ते पुढं सांगतो. १०००, २०००, ३००० आणि ४००० अशा चार ठिकाणी नोंद कर. इंजिन गरम झालेलं असावं आणि प्रत्येक ठिकाणी रेस स्थिर धरावी. रेस चढत असताना वाचलेला आकडा कामाचा नाही, कारण स्वस्तातल्या मीटरचा काटा इंजिनाच्या मागं रेंगाळतो.

चार नोंदी झाल्या की खोट कोणत्या जातीची आहे ते दिसतं. काटा सगळीकडे सारख्याच पटीत चुकत असेल, म्हणजे १५०० ला २०००, ३००० ला ४०००, तर मीटर चांगला आहे, त्याला सिलिंडरचा हिशेब चुकीचा दिलाय. सगळीकडे सारखाच फरक असेल, म्हणजे कुठंही बघ दोनशे जास्त, आणि इंजिन बंद असतानाही काटा शून्याच्या वर उभा असेल, तर काटा दांड्यावर सरकलाय. खाली बरोबर आणि वर गेल्यावर चूक वाढत असेल तर मीटरच्या आतला भाग म्हातारा झालाय किंवा सिग्नल अशक्त आहे. आणि काटा नाचत असेल, उड्या मारत असेल, तर मीटरकडे बघूच नकोस, तारा आणि अर्थिंग बघ.

हीच नोंद एकदा सकाळी गार गाडीत आणि एकदा मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीत कर. डॅशबोर्ड तापल्यावर आकडा बदलत असेल तर दोष मीटरच्या पोटात आहे. मग रेस स्थिर ठेवून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही एकदम चालू कर. इंजिनाचा आवाज तोच आणि काटा मात्र हलला, तर मीटरला मिळणारा करंट किंवा त्याची अर्थ कच्ची आहे. या तपासणीला एक पैसा लागत नाही, तरी ती न करता मीटर बदलणारे खूप.

सिलिंडरचा हिशेब

आरपीएम मीटर फेरे मोजतच नाही, तो ठिणग्या मोजतो. आपली इंजिनं फोर स्ट्रोक. एका सिलिंडरला क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक ठिणगी. म्हणजे चार सिलिंडरला एका फेऱ्यात दोन, तीन सिलिंडरला दीड, सहाला तीन, आठला चार. मीटर एवढंच करतो: ठिणग्या मोजायच्या, ठरलेल्या आकड्यानं भागायच्या, काटा फिरवायचा. भागायचा आकडा चुकला की काटा चुकला.

तुझ्या गाडीचं बघ. मूळ ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं. झेनचं ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं. दुकानात तू ‘८०० साठी मीटर हवा’ म्हणाला असशील, आणि दुकानदारानं मागचे बारीक स्विच तीन सिलिंडरवर लावून दिले असतील. तसं असेल तर काटा नेमका एक तृतीयांशानं जास्त दाखवणार. खरे ३००० झाले की काटा ४०००. तुझ्या तक्रारीशी हे जुळतंय, म्हणून आधी मीटर फिरवून त्याची पाठ बघ.

उलटं झालं तर मात्र जपून. चार सिलिंडरचा मीटर तीन सिलिंडरच्या इंजिनाला लावला तर तो पाऊणच दाखवतो. खरे ६००० झाले तरी काटा ४५०० वर शांत. चालवणारा म्हणतो अजून जागा आहे, आणि तिकडं व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा जीव चाललेला असतो. जास्त दाखवणारा मीटर फक्त घाबरवतो, कमी दाखवणारा इंजिन फोडतो. हा फरक विसरू नकोस.

बाजारातल्या बऱ्याच मीटरांना चार, सहा, आठ एवढेच पर्याय असतात, तीनचा नसतोच. तीन सिलिंडरच्या गाडीवर असा मीटर लावायची वेळ आली तर सहावर ठेव. तो बरोबर निम्मं दाखवेल. दुप्पट करायला डोकं लागत नाही. चारवर ठेवून पाऊणचा हिशेब गाडी चालवताना करत बसू नये.

खरे फेरे ट्यूबलाइट सांगते

आता खरे फेरे कसे काढायचे ते. टायमिंग गन असेल तर उत्तम, तिच्यात आरपीएम दिसणारी मिळते. चमकपट्टी चिकटवून किरणानं मोजणारा हातातला डिजिटल टॅकोमीटरही आता परवडतो. पण काहीच नसेल तर जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही.

आपली घरगुती वीज ५० सायकलची. चोकवाली ट्यूब प्रत्येक सायकलला दोनदा उजळते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला कळत नाही, पण फिरत्या चाकाला कळतं. क्रँकच्या पुलीवर व्हाइटनरनं एक ठळक रेघ मार. संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी उघड्यावर किंवा शटर सताड उघडं ठेवून लाव, कारण बंद गॅरेजात सायलेन्सरचा धूर जीव घेतो. लांब वायरच्या होल्डरात लावलेली ट्यूब पुलीवर उजेड पडेल अशी धर, बाकीचे दिवे घालव. झेनचं इंजिन आडवं असल्यामुळं पुली चाकाच्या बाजूला येते, म्हणून वरून आरशात बघावं लागेल.

मग सावकाश रेस दे. १००० फेऱ्यांना एका रेघेच्या सहा रेघा होऊन जागच्या जागी उभ्या दिसतील. १५०० ला चार, २००० ला तीन, ३००० ला दोन, समोरासमोर. सूत्र सोपं आहे: ६००० ला रेघांच्या संख्येनं भाग. रेघा हळूच पुढं सरकत असतील तर फेरे किंचित जास्त, मागं सरकत असतील तर किंचित कमी.

एक फसवणूक मात्र आहे. ३००० च्या वर गेलास की ४००० ला पुन्हा तीन रेघा दिसतात आणि ४५०० ला पुन्हा चार. म्हणून कायम खालून वर जा, दोन रेघा कधी आल्या ते लक्षात ठेव, आणि त्यानंतर आलेल्या तीन रेघा ४००० च्या समज.

हा विजेचा ठोका विश्वासाचा आहे. देशाच्या ग्रिडची सायकल ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान राखायचा नियम आहे, म्हणजे ३००० ला पाच-सहा फेऱ्यांचा फरक. आपल्याला एवढा चालतो. जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवर ट्यूब लावून मात्र मोजू नकोस, तिथं सायकलचा भरवसा नाही. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबवरही हे जमत नाही, ती फारच वेगानं लुकलुकते. एलईडीचं प्रत्येक दिव्याचं वेगळं.

आणि यातला धोका जीव तोडून सांगतो. या उजेडात फिरती पुली थांबलेली दिसते. डोळ्याला थांबलेली दिसली म्हणून बोट पुढं करू नये. सैल बाही, मफलर, गळ्यातली साखळी, हातातलं कडं, सगळं काढून ठेव. एक माणूस रेस धरायला गाडीत, एक बघायला, तिसरा आसपास नको.

रस्त्यावरची पडताळणी

उभ्या गाडीत मोजून झालं की रस्त्यावरही तपासावं. त्यासाठी एकदा गाडीचं गणित मांडून ठेव. टायरवर खडूनं रेघ मार, गाडी सपाटीला ढकलून चाकाचे पाच फेरे होऊ दे, जमिनीवरचं अंतर टेपनं मोज, पाचनं भाग. ८०० च्या १४५/७० आर १२ टायरचा घेर कागदावर १.६ मीटरच्या आसपास निघतो. पण गाडीच्या ओझ्याखाली टायर थोडा दबतो, आणि तुझ्यासारख्यांनी रुंद टायर चढवलेले असतात, म्हणून कागद सोड, मोजलेलं धर.

पुढचं काम क्रँक आणि चाक यांचं नातं काढायचं. इग्निशन बंद, चारी प्लग काढलेले, गाडी टॉप गिअरमध्ये. दोघांनी पुढं ढकलायची, एकानं पुलीवरच्या रेघेचे फेरे मोजायचे. चाकाच्या पाच फेऱ्यांत क्रँक किती फिरला ते बघ आणि पाचनं भाग. ढकलताना गाडी सरळ रेषेत जाऊ दे. जॅकवर एकच चाक उचलून हे करायला जाशील तर डिफरन्शियल निम्मा हिशेब खाऊन टाकेल आणि तुझं उत्तर अर्धं येईल. आणि उलट ढकलू नकोस, टायमिंग बेल्टच्या इंजिनाला उलट फिरवणं चांगलं नाही.

समज, टायरचा घेर १.६ मीटर आला आणि चाकाच्या एका फेऱ्याला क्रँकचे चार फेरे आले. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर. १००० ला १.६ नं भागलं, चाकाचे ६२५ फेरे. त्याला चारनं गुणलं, इंजिनाचे २५०० फेरे. म्हणजे टॉप गिअरला, साठच्या वेगाला काट्यानं २५०० दाखवायला हवेत. ऐंशीला ३३३३. हा एक आकडा पाठ असला की मीटर कधी भरकटला ते चालवता चालवता कळतं.

वेग मात्र मोबाइलच्या जीपीएसवर घे. कारखान्यातून येणारा स्पीडोमीटर मुळात थोडा जास्तच दाखवायला बनवलेला असतो, आणि टायर बदलल्यावर त्याचीही खोट वेगळी होते. एका खोट्याला दुसऱ्या खोट्यावरून तपासलंस तर दोन्ही खरे वाटतील. मोकळा सरळ रस्ता बघ, आकडा वाचायला शेजारी कुणीतरी बसव, आणि क्लच घसरत नाही ना याची आधी खात्री कर. घसरत असेल तर काटा बरोबर असूनही गणित चुकेल.

तार कुठून घेतलीस?

डेल्कोवाल्या, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या, इंजिनात मीटरचा सिग्नल कॉईलच्या मायनस टर्मिनलवरून घेतात. कॉईलचं प्लस टर्मिनल चालत नाही, आणि प्लगच्या जाड वायरला तर मीटरची तार चुकूनही लावायची नाही. मायनसवरही ठिणगीच्या क्षणी काहीशे व्होल्टची उसळी येते, तेव्हा इंजिन चालू असताना तिथं बोट घालू नये.

ही तार प्लगच्या वायरींपासून वीतभर तरी लांबून ने. जिथं ओलांडायचीच आहे तिथं आडवी ओलांड, सोबत पळवू नकोस. शेजारून गेली की प्लगची उसळी तारेत उतरते आणि काटा नाचायला लागतो. पॉइंटवाला डेल्को असेल तर कंडेन्सर आणि पॉइंट आधी बघ. पॉइंट उडत असतील किंवा कंडेन्सर गेला असेल तर एका ठिणगीला दोन ठोके जातात आणि मीटर बिचारा प्रामाणिकपणे जास्त दाखवतो. अशा वेळी तो मिसिंगची बातमी देत असतो.

आता सगळ्यात मोठा कानमंत्र, हा गिरवून ठेव. ही तार फायरवॉलच्या भोकातून आत जाते. भोकाला रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची कड सहा महिन्यांत इन्सुलेशन कापते. तार बॉडीला टेकली की कॉईलचा मायनस कायमचा अर्थ होतो आणि ठिणगी बंद. गाडी भर रस्त्यात गप्प, स्टार्टर फिरतोय, पेट्रोल येतंय, करंट नाही. लोक कॉईल बदलतात, डेल्को उघडतात, गाडी टो करून नेतात. तू एवढंच कर: कॉईलच्या मायनसवरून मीटरची तार काढून बाजूला टेप लाव आणि पुन्हा स्टार्टर मार. गाडी सुरू झाली तर चोर मीटर किंवा त्याची तार. म्हणून ही जोडणी कधीही पक्की पिळून ठेवू नकोस, सहज निघेल अशा लगवर ठेव. रात्री घाटात हाच लग कामाला येईल.

पुढं कधी एमपीएफआय इंजिन टाकलंस तर हिशेब बदलतो. डेल्को नसलेल्या काही इंजिनांत दोन कॉईल असतात आणि एक कॉईल दोन सिलिंडर सांभाळते, दर फेऱ्याला एक ठिणगी. मीटर चार सिलिंडरवर ठेवून एकाच कॉईलला जोडला तर निम्मं दाखवतो. मीटरला दोन सिलिंडरचा पर्याय असेल तर तिथं ठेव. नाहीतर दोन्ही कॉईलच्या मायनसवरून ४००७ नंबरचा एकेक डायोड घेऊन दोघांचं टोक एकत्र कर आणि तिथून मीटरला दे. डायोडची पट्टी मीटरच्या बाजूला. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असेल तर एका कॉईलवरून पावच दिसेल, तिथं ईसीयूच्या टॅको आउटपुटलाच जावं लागतं.

त्या आउटपुटचा सिग्नल साधा पाच किंवा बारा व्होल्टचा असतो. कॉईलची उसळी खाऊन वाढलेल्या जुन्या मीटरला तो पुरत नाही, काटा मेल्यासारखा पडून राहतो किंवा मध्येच सुटतो. काही ईसीयूंचं आउटपुट फक्त अर्थ देतं, वर खेचत नाही. तिथं सिग्नलची तार आणि स्विचमधून येणारा बारा व्होल्ट यांच्यामध्ये एक ते दहा किलोओहमचा रेझिस्टर टाकला की बऱ्याचदा काम होतं. ईसीयूचं सर्किट डायग्राम बघितल्याशिवाय मात्र हे करू नये. कॉईलची तार ईसीयूच्या आउटपुटला जोडणाऱ्यानं नव्या ईसीयूचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

अर्थ बॅटरीकडून घे

मीटरची काळी तार डॅशबोर्डाच्या मागं सापडेल त्या स्क्रूला पिळायची, ही आपल्याकडची जुनी खोड. तो स्क्रू प्लॅस्टिकमध्ये गेलेला असतो किंवा रंगावर बसलेला असतो. अर्थ इंजिन ब्लॉकला किंवा थेट बॅटरीच्या मायनसला ने. टोकाला थिंबल, खालचा पत्रा खरवडून चकचकीत, वर थोडं ग्रीस. कोकणात किंवा गोव्यात गाडी राहात असेल तर दर पावसाळ्यानंतर हा जोड उघडून बघ. खाऱ्या हवेत थिंबल हिरवं पडतं, वरून टेपमुळं दिसत नाही.

इंजिन बदललेल्या गाडीत आणखी एक बघायचं. इंजिन उतरवताना ब्लॉकपासून बॉडीला जाणारी जाड अर्थ-पट्टी काढलेली असते. बऱ्याच गाड्यांत ती परत लागत नाही. इंजिन मग अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून अर्थ शोधतं. काटा नाचतो, दिवे मंद-तेज होतात, केबल गरम होते. तुझी पट्टी आहे का ते आजच वाकून बघ.

मीटरचा प्लस इग्निशन स्विचनंतरचा असावा आणि वाटेत एक-दोन अँपिअरचा फ्यूज असावा.

मीटर उघडायची वेळ आली तर

तारा पक्क्या, अर्थ पक्की, सिलिंडर बरोबर, आणि तरी चूक आहे, तेव्हाच मीटर उघड. जुन्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये प्रत्येक ठिणगीला ठरावीक लांबीचा एक ठोका तयार होतो आणि त्या ठोक्यांच्या सरासरीवर काटा उभा राहतो. ठोक्याची लांबी एक कपॅसिटर आणि रेझिस्टर ठरवतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कपॅसिटर ढिला पडतो आणि काटा हळूहळू सरकतो. सुटलेला सोल्डर भिंगातून बघ, पाय गोल फाटलेला दिसतो. बहुतेक बोर्डांवर एक बारीक फिरवायचा ट्रिमर असतो. फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेवर मार्करनं खूण करून ठेव.

टेबलावर जुळवायला पुन्हा विजेचाच ठोका घे. बारा व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, पुढं एक डायोड, आणि ते मीटरच्या सिग्नलला. मीटरला प्लस आणि अर्थ वेगळ्या बॅटरीतून, ट्रान्सफॉर्मरचं दुसरं टोक त्याच अर्थला. एका डायोडनं सेकंदाला ५० ठोके मिळतात: चार सिलिंडरवर काटा १५०० वर यायला हवा. चार डायोडांचा ब्रिज लावलास (तेव्हा अर्थला ट्रान्सफॉर्मरचं टोक नाही, ब्रिजचा मायनस) तर १०० ठोके: काटा ३००० वर. तीन सिलिंडरवर हेच आकडे २००० आणि ४००० होतात. ३००० वर जुळव, मग १५०० वर तपास. घरातल्या सॉकेटची तार मीटरजवळ येताच कामा नये, फक्त ट्रान्सफॉर्मरचं बारा व्होल्टचं टोक. कॉईलच्या उसळीवर चालणारे काही मीटर एवढ्या कमी व्होल्टला जागे होत नाहीत. त्यांना गाडीवरच, ट्यूबलाइटखाली जुळवावं लागतं.

काटा ओढून काढायचा मोह टाळ. दांडा केसासारखा असतो, वाकला की मीटर गेला. दीडशे-दोनशेचा ठरलेला फरक असेल तर काट्याला हात लावण्यापेक्षा तो लक्षात ठेवणं स्वस्त. जुन्या विलायती गाड्यांत केबलवर चालणारा मीटर असतो. त्याचा काटा डुलत असेल तर मीटर उघडायच्या आधी केबल काढून पुसून हलकं ग्रीस लाव, आणि तिची वळणं मोठी ठेव.

डिझेल जीपवाल्या मित्रासाठी

डिझेलला ठिणगीच नाही, म्हणून तिथं मीटर अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून ठोके घेतो. बारा पोलचा अल्टरनेटर आपल्या एका फेऱ्यात सहा ठोके देतो. इंजिनाच्या एका फेऱ्याला तो दोनदा फिरत असेल तर बारा. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपा आपल्याकडं कमी नाहीत, आणि त्यात अल्टरनेटर हाती लागेल तो असतो. पुली बदलली, पोल बदलले, की आकडा बदलला. अल्टरनेटरची पुली दहा टक्क्यांनी लहान झाली तर काटा अकरा टक्क्यांनी वर जातो. बेल्ट घसरला तर काटा खाली पडतो आणि सोबत चार्जिंगचा दिवा मिणमिणतो. मित्राला सांग, आधी बेल्ट ताण, मग मीटरला शिव्या दे. डिझेलसाठीच्या मीटरला मागं जुळवणीचा स्क्रू बहुधा असतोच. चमकपट्टीवाल्या टॅकोमीटरनं एकदा जुळवला की झालं.

लाल पट्टा इंजिनाचा असतो

मीटर बरोबर झाला तरी एक गोष्ट उरते. डायलवरचा लाल पट्टा मीटर बनवणाऱ्यानं छापलाय, तुझ्या इंजिनाची त्याला खबर नाही. ८०० च्या इंजिनाचा स्ट्रोक ७२ मिलिमीटर, झेनच्या या इंजिनाचा ६१. ६००० फेऱ्यांना पहिल्यात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १४.४ मीटर होतो, दुसऱ्यात १२.२. दोन्ही इंजिनांना एकच लाल पट्टा कसा लागू होईल? तुझ्या इंजिनाचं मॅन्युअल बघ, त्यात दिलेल्या मर्यादेवर काचेला बारीक लाल टेप लाव. इंजिन पंचवीस-तीस वर्षांचं आहे, तेव्हा मर्यादेच्या पाचशे आधी हात आवर. हेड खोललेलं असेल, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मूळच्याच असतील, तर आणखी आधी.

मीटर ठरलेल्या पटीत चुकत असेल आणि सुधारता येत नसेल, तर टेप खऱ्या आकड्यावर न लावता काट्याच्या आकड्यावर लाव. पाऊण दाखवणाऱ्या मीटरवर ६००० ची मर्यादा ४५०० ला येते. आणि ही गोष्ट गाडी चालवायला घेणाऱ्या प्रत्येकाला चावी देतानाच सांग.

कान तर हवाच. पद्मिनीला हा मीटर नव्हता, तरी चालवणारे आवाजावर गिअर टाकायचे आणि इंजिनं टिकवायचे. पण कानाला एक मर्यादा आहे: बदललेला सायलेन्सर आणि ओपन फिल्टर आवाज मोठा करतो, फेरे वाढवत नाही. तुझ्या गाडीला दोन्ही आहेत, म्हणून तुझा कानही थोडा फसलेला आहे असं समज.

जाता जाता कागदाचंही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते आणि आरसीवर नव्या इंजिनाची नोंद लागते. ती झाली नसेल तर मीटरच्या आधी ते काम कर. अपघात झाल्यावर विमा कंपनी काटा बघत नाही, आरसी बघते.

या रविवारी काय करायचं

क्रम सोडू नकोस. आधी मागचे स्विच बघ, ते चारवर कर. मग अर्थ आणि इंजिनाची पट्टी. मग फायरवॉलचं ग्रोमेट. मग संध्याकाळी ट्यूबलाइटखाली चार नोंदी. तुझ्या तक्रारीवरून वाटतं की काम पहिल्याच पायरीला संपेल, तरी पुढच्या तीन पायऱ्या कर, कारण इंजिन बदललेल्या गाडीत एक चूक सापडली की शेजारी दुसरी असतेच. एवढं करूनही काटा लहरी राहिला तर मीटर बदल, माझी ना नाही. पण नवा मीटर डब्यातून निघाला म्हणून खरा ठरत नाही. तोही बसवल्या दिवशीच त्याच पुलीवर, त्याच ट्यूबखाली तपास, आणि दोन रेघा उभ्या राहिल्यावर काटा ३००० वर असेल तरच दुकानदाराचं बिल फाड.